दप्तरं परत आल्याचं खरं कारण

निजामपुरा, भिवंडी
१४ जानेवारी

ती. कौसल्या आत्यास,
दीक्षाचा मनापासून जय भीम.

पत्राचं कारण पहिल्या ओळीत लिहावं असं तूच शिकवलंस, पण या वेळी ते शेवटी येईल. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस. म्हणून आधी तब्येत. गुडघे कसे आहेत? पायऱ्या चढताना दुखतात की उतरताना, आणि साधारण कितव्या पायरीला? नव्या चष्म्यातून हजेरीपटाएवढे बारीक रकाने दिसतात का? अजून पहाटे साडेचारला जाग येते का, आणि नाशिकला दादाकडे त्या वेळी करण्यासारखं काही नसतं म्हणून तू अजून वहिनीच्या स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुन्हा लावतेस का? हे सगळं मी सहज विचारते आहे. इकडे आई बरी आहे. खालचे पॉवरलूम पूर्वीसारखेच चालू आहेत, पण तू गेल्यापासून त्यांच्यावर आवाज चढवून पाढे म्हणणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ते जास्त वाजतात असं वाटतं. अभ्यासाला बसलं की तुला 'बाई, तुम्ही' म्हणायचं आणि ताटावर बसलं की 'आत्या, तू', हा तुझा नियम मला अजून स्वप्नातही पाळावा लागतो. मागच्या पत्रातल्या सतरा चुका लाल पेनने दाखवून तू ते परत पाठवलंस, ते मिळालं. सगळ्या दहा-दहा वेळा लिहून काढल्या.

मी वळ गावच्या गोदामात नेमकं काय करते हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तीनदा 'हां हां' म्हणालीस, म्हणजे तुला कळलेलं नाही. लोक मोबाइलवर कपडे, चपला, भांडी मागवतात आणि नको असेल ते परत पाठवतात. परत आलेला प्रत्येक नग माझ्या टेबलावर येतो. मी तो उघडून बघते आणि का परत आला याचं कारण कॉम्प्युटरमध्ये भरते. ठरलेली अकरा कारणं आहेत. बाकीच्या मुली सरसकट चार नंबर दाबतात ('आवडलं नाही'), आणि चार वाजता त्यांची टेबलं पुसून झालेली असतात. माझ्या टेबलावर पहिल्या महिन्यात पंख्यापर्यंत ढीग लागला होता. काय करू, ओट्यावर बसवून तू मला जे पहिलं वाक्य शिकवलंस ते 'जे पाहिलं तेच लिहायचं' हे होतं. कमळ आणि बदक नंतर आले. एक कुकर 'शिटी होत नाही' म्हणून परत आला, आत वरण वाळलेलं. शिटी न होता वरण इतकं छान कसं शिजलं याचा मी अर्धा तास विचार केला. एक पैठणी 'रंग वेगळा आहे' म्हणून परत आली. पदराला हळद, निऱ्यांत अक्षता. अकरावं कारण 'इतर' असतं आणि त्यापुढे थोडी मोकळी जागा असते. मी तिथे लिहिलं, 'लग्न झालं.'

हे वाक्य महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर आलं, भूपेशशेठसमोर. भूपेशशेठ म्हणजे आमचे मालक, वळचेच. गोदामाच्या जागी त्यांच्या वडिलांची भातशेती होती, आणि अजून ते गोदामाचे दरवाजे नंबराने ओळखत नाहीत, शेतांच्या जुन्या नावांनी ओळखतात ('गाडी वरच्या खाचराला लाव' म्हणाले की नवा ड्रायव्हर थेट हायवेला जातो). ते पुष्कळ हसले आणि म्हणाले, "ही पोर खोटा लिवायची न्हाय. शालंचा काम हिलाच द्या."

शाळेचं काम असं. शेठना दिघाशीच्या शाळेला काहीतरी द्यायचं होतं. आमच्या पॅकिंगच्या बऱ्याच बायका दिघाशीच्या पाड्यावरच्या, आणि शेठ स्वतः मामाकडे राहून चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकलेले. त्यांचा हेतू चांगला होता, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही (दोनदा आली, पण टिकली नाही). द्यायची वस्तू ठरलेली होती: दप्तरं. ती येऊनही पडली होती. त्यानंतर मला शाळेची गरज काय आहे ते लिहून आणायला सांगितलं. मी मुख्याध्यापिका वनिताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकदा येऊन बघून जा. शेठ म्हणाले, सव्वीस जानेवारीच्या आत झालं पाहिजे, बघत बसायला वेळ नाही. मी गेले नाही. आत्या, जे पाहिलं नव्हतं ते मी लिहिलं: 'गरज: दप्तरं, नग एक्केचाळीस.' हा माझा पहिला गुन्हा. दुसरा जास्त वाईट, कारण तो प्रामाणिकपणातून झाला.

मला भीती वाटायला लागली की दप्तरं मुलांपर्यंत पोहोचलीच नाहीत तर? म्हणून मी पावती तयार केली. प्रत्येक मुलाचं नाव, त्यापुढे 'मूल वर्गात हजर असताना त्याच्या हातात दिलं', आणि त्यापुढे मुख्याध्यापिकेची सही, अशा एक्केचाळीस ओळी. माल पाठवायचं काम मिथुनकडे आहे (बुद्धविहाराशेजारच्या गल्लीतला, त्याच्या आईला तू ओळखतेस). पावती बघून तो म्हणाला, "मॅडम, दप्तर देताय का बंदुकीचं लायसन?" स्वतः त्याने मात्र दप्तरं जाड खोक्यांत भरून, पट्ट्या आवळून, बारकोड आणि 'काच, जपून' अशी चिठ्ठी लावून पाठवली, कारण त्याच्या माणसांना माल बांधायची दुसरी रीतच येत नाही.

सकाळी गेलेली गाडी दुपारी परत आली. खोकी जशीच्या तशी. बारकोड लावलेली कोणतीही वस्तू फाटकातून परत आली की ती माझ्याच टेबलावर येते, आणि कारण भरेपर्यंत शेठच्या केबिनमधल्या फलकावर लाल रेघ दिसत राहते. सोबत वनिताबाईंची चिठ्ठी होती. एक्केचाळीसपैकी चौदा मुलं वर्गात नसतात, मी खोटी सही करणार नाही, आणि सत्तावीस मुलांना देऊन चौदांना वगळायचं हेही करणार नाही. वाचून आधी राग आला, मग ओळखीचं काहीतरी वाटलं. ही बाई तुझ्याच हाताखाली शिकली असणार असं मी धरून चालले (नंतर विचारलं; नाही). मिथुन म्हणाला, "चार नंबर मारा ना, कशाला टेन्शन?" पण दप्तरं आवडली नाहीत असं कुठे कोणी म्हटलं होतं? रेघ लालच ठेवली आणि मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दिघाशीला गेले.

वनिताबाईंनी हजेरीपट पुढे केला. चौदा गैरहजर मुलं. शेवटी आईच्या नावाचा रकाना होता. तो मी पुन्हा वरून बोट ठेवून वाचला, कारण ती नावं मी रोज सकाळी वाचते, आमच्या हजेरीच्या मशीनवर. ठकी, धोंडूबाई, आणि पुढे सगळ्या. आमची बस पावणेसातला पाड्यावर येते. शाळा साडेदहाला भरते. आई गेली की घरात जे सगळ्यात लहान असेल त्याला जे त्याच्याहून मोठं असेल ते सांभाळतं, आणि साडेदहाला त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न रोज तसाच राहतो. ठकी माझ्या समोरच्या टेबलावर पॅकिंग करते. ती पट्टी इतकी सरळ चिकटवते की मी तिच्या खोक्यांवरून रेघा आखते. गेली दोन वर्षं मी तिला रोज 'जेवलीस का' विचारते. मुलगी शाळेत जाते का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिची दिपिका चौथीत आहे, गणितात पहिली. शाळा चौथीपर्यंतच आहे. मार्चपर्यंत ती वर्गात बसली नाही, तर पुढे पाचवीला दुसऱ्या गावी तिला कोणी पाठवणार नाही, असं वनिताबाई म्हणाल्या. आम्ही घरी गेलो तेव्हा ती दोन वर्षांच्या भावाला, भावेशला, कडेवर घेऊन अंगणात कोळशाने भागाकार करत होती. भागाकार लांब होता, त्यामुळे ती उकिडवी बसूनच पुढे सरकत होती आणि भावेशही तिच्याबरोबर सरकत होता. मला बघून म्हणाली, "तू ती कारनवाली बाय ना? आयस सांगते तुझा." मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "मी शालंत येत न्हाय त्याचा काय कारन लिवलास?" तेवढ्यात भावेशने माझं ओळखपत्र तोंडात घातलं, म्हणून तो विषय राहिला. फोटोतला माझा अर्धा चेहरा आता गेला आहे. फाटकावरचा वॉचमन रोज अडवतो.

बुधवारी टेबलावर बसले, अकरा कारणं वरून खाली वाचली, आणि 'इतर'पुढे लिहिलं, 'मुलांच्या आया आपल्याकडे कामाला आहेत.' लाल रेघ गेली. अर्ध्या तासात केबिनमधून बोलावणं आलं. मिथुन न बोलावता माझ्याबरोबर आला (म्हणाला, दोघांना काढलं तर घरी जायला सोबत होईल). शेठनी पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "माझ्यामुले पोरां शालंत जात न्हाईत, असा लिवलंस?" मी म्हटलं, तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. त्यावर ते म्हणाले, नाव लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. शिफ्ट हलायची नाही, गाड्यांच्या वेळा वरून येतात, त्यात त्यांचंही कोणी ऐकत नाही, हेही सांगितलं, आणि ते खरं आहे. मग एकदम विचारलं, तो भावेश केवढा आहे? मी हाताने दाखवला. शेठ खिडकीतून वरच्या खाचराच्या दरवाज्याकडे बघत म्हणाले, "मी पन ताईच्या कडेवरच होतो. ती न्हाय शिकली." चहा आला. तो त्यांनी घेतला नाही. कप बाजूला सारून ते पुन्हा रागावले, कदाचित आधी वाईट वाटलं त्यामुळेच. "कारन कोनपन लिवतो. उपाय लिव. संध्याकालपरत." आणि मला कोरा फॉर्म दिला.

उपाय मला सुचला नाही, तो रस्त्यातच होता. आमची बस पाड्यावरून निघाली की शाळेवरूनच जाते. मुलांनी आयांबरोबर बसमध्ये बसायचं आणि शाळेशी उतरायचं. शाळेच्या मागे एक खोली मोडक्या बाकांनी भरलेली आहे, ती मिळेल. लहानग्यांना दिवसभर सांभाळायला पाड्यावरच्या पुतळाबाई तयार झाल्या. त्यांची अट एकच. "मी पोरां सांभालीन, कागदां सांभालायची न्हाय." वनिताबाईंचीही अट एकच. सात ते साडेदहा मोठ्या मुलांना घेऊन बसणारी, लहानांवर नजर ठेवणारी आणि रोजचं रजिस्टर खरं लिहिणारी एक शिकलेली, जबाबदार शिक्षिका पाहिजे. पाचच्या आत मी फॉर्म भरून दिला. शेठनी सही केली. रविवारी मिथुनने आमचे हमाल नेऊन खोली रिकामी केली (सवयीने मोडक्या बाकांना बारकोड लावले, ते आता माझ्या टेबलाकडे येतील अशी धास्ती आहे). सव्वीसचं झेंडावंदन झालं की दुसऱ्या दिवसापासून खोली सुरू. शिक्षिकाही मिळाल्या आहेत. अनुभवी आहेत, आवाज लूमवर चढतो, आणि रजिस्टरमध्ये खोटं एक अक्षर लिहीत नाहीत.

बाकी सगळं ठीक. दादाला आठवण सांग. वहिनीला सांग की डबे आता जागच्या जागी राहतील.

तुझ्या लाल पेनला भिणारी,
दीक्षा

ता. क. दप्तरं गोदामातच आहेत. नवी पावती एका ओळीची केली आहे. एक्केचाळीस मुलं वर्गात बसतील त्या दिवशी वनिताबाई फोन करणार आणि मगच गाडी निघणार. दिपिकाच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

ता. क. दुसरं. बाई, हे मी आत्याला लिहीत नाही, तुम्हाला लिहिते आहे. त्या फॉर्ममध्ये 'शिक्षिकेचं नाव' आणि 'संमती' असे दोन रकाने मीच आखले होते. पहिल्यात मी तुमचं नाव लिहिलं. दुसऱ्यात 'आहे' असं लिहिलं. तुम्हाला विचारायला वेळ होता. तुम्ही नाही म्हणाल या भीतीने विचारलं नाही. दप्तरांची गरज धरली तर हे माझं दुसरं खोटं, आणि याच्याखाली शेठची सही आहे. मला ते खोडता येत नाही, पण तुम्हाला ते खरं करता येईल. मार्चअखेरपर्यंतच. शाळेला पायऱ्या तीन आहेत, मी मोजल्या. गाडी सहाला आपल्या दारात येईल, म्हणजे साडेचारला उठणाऱ्या माणसाला दीड तास मोकळाच.

ता. क. शेवटचं. वहिनीला फोन केला होता. तिने तुझी बॅग भरायला घेतली आहे, इतक्या लगेच की मलाच थोडं वाईट वाटलं. येत्या रविवारी मिथुन गाडी घेऊन येतो. तुला बारकोड लावायचा नाही, असं त्याला बजावलं आहे. या पत्रातल्या चुका लाल पेनने जरूर काढ, पण नेहमीसारखं पोस्टाने परत पाठवू नकोस. सोबत घेऊन ये.