उलटी चळत

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून मामी रागावली असेल. तिला सांगा, भाची जिवंत आहे, फक्त संकलनाच्या खोलीत गाडली गेली आहे. आमचा तो रोजचा कार्यक्रम अखेर बंद झाला. अनोळखी माणसं एका घरात राहायची आणि प्रेक्षक दर आठवड्याला एकाला बाहेर काढायचे, तोच. आता साहेब म्हणतात, टेपा पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरू. मी हट्ट धरलाय की एका हंगामाच्या डीव्हीडी काढा, आठवड्याचं सार एकेका डीव्हीडीत. लवकरच यावर सभा आहे, तिथे साहेबांना पटलं तर बाकीच्या टेपाही वाचतील, नाहीतर माझी इतक्या वर्षांची मेहनत चुलीत.

सगळे मला हसतात. रोजचा कार्यक्रम म्हणजे कालचं वर्तमानपत्र, म्हणे. आणि कोण जिंकलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तुमचं डीव्हीडी भाड्याने देण्याचं दुकान, गिऱ्हाइकाची नाडी तुम्हाला कळते. नमुन्याच्या डीव्हीडींची चळत सोबत पाठवतेय. खरं काय ते सांगा, पण जरा हळू सांगा.

लोभ आहेच, तो सभा होईपर्यंत माझ्या बाजूने असावा.
तुमची,
खारूताई

१० फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

हळू सांगणं मला कधी जमलंय? तुझा हा उद्योग म्हणजे शिळ्या कढीला ऊत. रहस्यपट नेणारं गिऱ्हाईकसुद्धा दुकानात बजावतं की शेवट सांगू नका. तू तर जगजाहीर शेवट पेटीत घालून विकायला निघालीस! लोक रोज पाहायचे ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी चघळायला. चघळून झालेलं पुन्हा तोंडात कोण घालतं?

तुझी मामी म्हणाली, न बघताच निकाल देणारे तुम्ही कोण लागून गेलात. तेव्हा रविवारी दुकान बंद ठेवून बघायला बसतोय. फार आशा धरू नकोस. आणि जेवणाची हेळसांड करू नकोस, हे मामीचं.

मामाच्या तिखट जिभेला क्षमा असावी, माया तेवढीच आहे.
तुझा,
मामा

१७ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

मी घोळ घातला. ऐक. दुकानात परत आलेल्या डीव्हीडींची चळत मी काउंटरवर उपडी करतो, म्हणजे तळाची वर येते आणि आधी आलेली आधी फळीवर जाते. हाताला तीच सवय. तुझी चळतही उपडी केली आणि वरची लावली. पडद्यावर रिकामं घर, त्यात एकटा विजेता, करंडक कवटाळून बसलेला. मी म्हटलं, झालं, उठा आता. तुझ्या मामीने हात धरून बसवलं.

पुढची लावली तर घरात दोघं. मग तिघं, मग चौघं. अगं, घर भरत गेलं! रोज बघताना आता कोण जाणार याचाच आम्हाला घोर असायचा. इथे गेलेले एकेक करून परत येत होते. हंगामाच्या शेवटी एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या त्या दोघी, आणखी दोन डीव्हीडींनंतर एकाच पांघरुणात हसताना दिसल्या. मामीचे डोळे भरून आले. मीही चष्मा पुसला, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत शेवटी भेटली ती शिंपीणबाई. पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलेली, मला तर आठवतही नव्हती. कोणाचं बटण लाव, कोणाची बाही उसवली ती शिव, असं तिचं चाललेलं. आणि त्याच डीव्हीडीत पहिला दिवस. सगळे दारात बॅगा घेऊन उभे. कोणीच अजून हरलेलं नाही.

माझे शब्द मी मुकाट्याने गिळतो. लोकांना शेवट ठाऊक आहे ना? मग शेवटापासूनच विक.

मामीचा आणि माझा भरवसा तुझ्या पाठीशी आहे, सभेत ताठ उभी राहा.
तुझा,
मामा

४ जून

ती. मामा आणि मामीस,
शि. सा. न. वि. वि.

सभेत बाजी मारली हे फोनवर किंचाळून सांगितलंच होतं, आता सविस्तर. साहेब आधी हसले, म्हणाले, आधी कळस मग पाया! मी वाद घातलाच नाही. तुमच्यासारखी चळत उपडी केली आणि वरची लावली. साहेबांना दुसऱ्या बैठकीला जायचं होतं, ते खुर्चीवरून हललेच नाहीत. तिसऱ्या डीव्हीडीला त्यांनी स्वतःच टेपा पुसायचा हुकूम मागे घेतला. मामा, एकूण एक टेप वाचली! आता शेवटापासून लावलेल्या डीव्हीडींच्या पेट्या बाजारात आल्यात, दुकानदार पुन्हा पुन्हा मागवतायत, आणि ‘कालचं वर्तमानपत्र’ म्हणून हसणारे विद्वान जिन्यात भेटले की आधी नमस्कार करतात. मी नाचायचीच तेवढी बाकी आहे.

काल ती शिंपीणबाई ऑफिसात आली. मला वाटलं, तक्रार असेल. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, इतकी वर्षं लोक तिला सगळ्यांत आधी हाकललेली बाई म्हणून ओळखायचे, ती स्वतःही तेच सांगायची. आता गिऱ्हाइकं कपडे शिवायला येतात आणि म्हणतात, बाई, तुम्ही शेवटपर्यंत राहिलात.

दोघांनी असंच घोळ घालत राहावं आणि मला कळवत राहावं, ही विनंती.
तुमचीच,
खारूताई