वैमानिकाच्या हातावर दही

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, १४ सप्टेंबर १९६५

डाव्या पंखाचा दोरा पुन्हा ढिला पडला. वरचा आणि खालचा पंख ह्या दोऱ्यांनीच ताठ राहतात, म्हणून सोडून परत बांधला. की मला नुसता हाताला चाळा हवाय? शशी विमानदलात वैमानिक. लढाई सुरू झाल्यापासून पोराची खबर नाही, आणि मी इथे त्याच्या आवडीचं जुनं दुपंखी लढाऊ विमान पांगाऱ्याच्या लाकडातून कोरत बसलोय.

रेडिओवरच्या बातम्या संपल्या तशी ही म्हणाली, "आवं, ह्यात बसनारा कुटं हाय?"

बोटाच्या पेराएवढा वैमानिक नुकताच रंगवून ठेवला होता, तो दाखवला. ही आत गेली, वाटी घेऊन आली आणि त्याच्या इवल्या हातावर दह्याचा ठिपका ठेवला.

मी ओरडलोच, "अगं, रंग ओला आहे!"

"असू द्या. तार आली तवा पोरगं उभ्या उभ्या गेलं. त्या दिशी घरात दही न्हवतं."

पुसायला चिंधी उचलली होती, ती खाली ठेवली. वैमानिकाला तसाच आत बसवला आणि परत दोऱ्याकडे वळलो.