गॅलरीच्या टोकाची खुर्ची

३ मार्च, सकाळ
न्यूमोनियाला हरवून आयसीयूतून घरी. डॉक्टर म्हणाले, औषधांनी गुण आला. आत्मबळातलं त्यांना फारसं कळत नसावं. संकल्प : यापुढे कुणाचा हात धरणार नाही. एक तारखेला शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचंय. घरातली पहिली पदवी काय अंथरुणात लोळायला मिळवली?

३ मार्च, दुपार
बाथरूमपर्यंत आईचा हात धरला. फरशी ओली होती. अपवाद.

५ मार्च
योजना : रोज पलंगापासून गॅलरीच्या टोकापर्यंत चालायचं. तिथे बाबांनी त्यांच्या सलूनमधली जुनी, जड खुर्ची आणून ठेवलीय. आज निम्म्यातच दम लागला. परत फिरले. जेवले नाही. धाकट्या भावाने विचारलं, ताई, आत्मबळाचं चार्जिंग संपलं का? दुर्लक्ष केलं. उत्तर द्यायला श्वासही नव्हता.

९ मार्च
खुर्चीपर्यंत पोचले! एकदाच थांबले. मन ठरवेल तिथे शरीर जातं, हे जेवताना सगळ्यांना समजावलं. बाबा ताटात बघत हो हो म्हणाले.

१४ मार्च
न थांबता पोचले. थक्क करणारी प्रगती. खुर्चीतून पूर्वी रस्ता दिसायचा, हल्ली गॅलरीचं दार दिसतं. बाहेरच्या जगावरचं माझं लक्षच उडालंय, दुसरं काय.
बाबांची पाठ धरलीय. त्यांना म्हटलं, दुखणं मनात असतं. आई म्हणाली, तू आधी ही गोळी गीळ.

२० मार्च
मुख्याध्यापिकाबाईंना फोन. वरच्या मजल्यावरचाच वर्ग द्या, सवलत नको, असं ठणकावलं. त्या नुसतं बरं म्हणाल्या. भारावल्या असाव्यात.

२७ मार्च, संध्याकाळ
खुर्चीत बसून पाय लांब केले. पलंगाला लागले.
हे काय, म्हणून ओरडले. भाऊ हसता हसता जमिनीवर बसला. बाबा ओशाळून म्हणाले, अगं, अर्ध्यातून परत आलीस की जेवायची नाहीस. म्हणून रोज थोडी अलीकडे ओढायचो.
रागाने थेट गॅलरीच्या टोकाकडे निघाले. दारातच दम लागला, उंबऱ्यावर बसले. बाबा पाठ धरून खुर्ची ओढत आले.

२७ मार्च, थोड्या वेळाने
मुख्याध्यापिकाबाईंना पुन्हा फोन. खालचा वर्ग आहे का, असं हळूच विचारलं. म्हणाल्या, तुमच्यासाठीच ठेवलाय, तुमच्या आईंचा फोन तुमच्याआधीच आला होता.
संकल्प : उद्या खुर्ची परत टोकाला.
निदान दारापर्यंत. बाबा हात धरणार आहेत. त्यांची पाठ दुखते, त्यांना आधार हवा.