आठ वाजताचा मिस कॉल

माय, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता तुझ्यासारख्याच बायांना फोन करून विचारते, गोळी घेतली का. हीच माझी नोकरी. एचआयव्हीच्या औषधाचा एकही दिवस चुकू नये म्हणून सरकारी दवाखान्यात बसून दिवसभर फोन लावायचे. पण त्यांच्या घरात फोन एकच, तोही सासूच्या नाहीतर दिराच्या हातात, बायांना बोलायची चोरी. म्हणून मी एक रीत पाडली. रोज रात्री आठ वाजता गोळी घेतली की एक मिस कॉल द्यायचा. मी उचलत नाही, रजिस्टरमध्ये खूण करते.

सोनाळ्याकडची एक बाई आहे. नवरा याच रोगाने गेला, कपाशी वेचून सासूला पोसते. तिचा मिस कॉल कधी चुकला नाही, मी सगळ्यांपाशी तिचं कौतुक करायचे. काल सहज तिचं कार्ड काढलं. या महिन्याच्या गोळ्या न्यायला ती आलीच नव्हती. बोंडअळीतून वाचलेला कापूस वेचायचा सोडून येणार तरी कशी! घरातली बाटली संपून बारा दिवस झाले होते, मिस कॉल मात्र रोज येत होता. त्या बारा खुणा मीच केल्या, माझ्या या मेल्या हातानं.

फोन लावला. सासूने उचलला.

"मीच देते ना बाई घंटी. सून त पडूनच राह्यते. तिनंच सांगतलं, आठ वाजले का या नंबरवर एक घंटी दे, नाही त मॅडम घरी येईन."

"काय होतं तिला, मावशी?"

"खोकला हाय. वेचणीचा कचरा गेला असन नाकातोंडात. काऊन? तुमी कोन्या ऑफिसातून बोलता?"

काय सांगणार? सांगितलं तर तिला घराबाहेर काढतील, नाही सांगितलं तर जिवानिशी जाईल. "तिच्या कानाला लावा फोन," एवढंच म्हटलं. बराच वेळ नुसती धाप ऐकू येत राहिली. मग ती म्हणाली, "घेतली ना, मॅडम." अगदी तू मला सांगायचीस तसं, माय. मी घाबरले.

आज दुपारी तिच्या गावातल्या आशाताईला तिच्या घरी धाडलं. आशाताईचा फोन लागत नाहीये. आता साडेआठ होत आले, मी दवाखान्यातच बसून आहे. आज मिस कॉलही आलेला नाही.

लोक म्हणतात, आईच्या पायी हिनं ही नोकरी धरली, केवढी माया! त्यांना काय माहीत. अकोल्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी माझ्यावर काम सोपवलं होतं, मायनं गोळी घेतली का ते तू बघायचं. शेतात पहिल्यांदा बीटी कपाशी लावली तेव्हाची गोष्ट. त्या गोळ्यांनी तुला भडभडून उलट्या व्हायच्या. एका सकाळी तू गोळी चुलीत टाकलीस, ते मी दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही टाकलीस. मग उलट्या थांबल्या, तू वेचणीला जाऊ लागलीस, मला गरम भाकर करून घातलीस. किती बरं वाटलं होतं मला! पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, आणि तू काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "हाव, रोज घेते."