चौथी सत्ती

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या लाँड्रीत या आठवड्यात दुहेरी पाळी. चादरींच्या वाफेने डोकं भणभणतं. त्यात शाळेतल्या बाईंचा निरोप आला, की बिट्टी पुन्हा गणितात नापास झाली तर त्याच वर्गात ठेवतील. ती म्हणते, मग मी शाळेतच जाणार नाही! आठ वर्षांची पोर आणि स्वतःला मठ्ठ म्हणते. तसं झालं तर नोकरी सोडून मला तिकडे यावं लागेल. आणि तुम्ही आजोबा-नात दिवसभर पत्ते काय कुटत बसता? रागावू नका, फार दमलेय.

तुमची,
ताई

९ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

कुटत नाही गं, शिकवतोय. दश्श्या आणि चित्रं बाजूला काढायची. मधे पत्ता पडला की बेरीज दहा होईल अशी त्याची जोडी लावायची, छक्कीला चव्वी, अठ्ठीला दुर्री. जोडी लावेल त्याचे पत्ते. वहीतली वजाबाकी बघून वहीच मिटते, इथे तीच वजाबाकी मांडी घालून करते. शिलाई मशीन विकल्यापासून मला तरी दुसरं काय काम? डोळे शिणतात, पण तिचा 'अजून एकच डाव' संपत नाही. वेळेवर जेवत जा.

तुझे बाबा

१४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

चुकलं माझं, तोंड सुटलं. खेळा. पण तिला जिंकू द्या हो, जरा हिंमत येऊ दे पोरीला. एवढं माझं ऐकाच. हात सोलवटलेत, म्हणून अक्षर असं.

माया आहेच, ती राहू दे.
ताई

२ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. रोज मुद्दाम हरत होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मधे तिर्री होती, खेळी माझी. हातात सत्ती असून नाही म्हणालो. तर ही म्हणते, तीन सत्त्या खेळून झाल्या, माझ्याकडे एकही नाही, गठ्ठा संपला, मग चौथी तुमच्याच हातात! पत्ते भिरकावले आणि हमसून हमसून रडत म्हणाली, म्हणजे मी कधी जिंकलेच नव्हते! कुठे तोंड लपवू असं झालं गं मला. जेवायलाही बसेना.

शेवटी तिच्याजवळ फरशीवर बसलो. म्हटलं, लबाडी केली, कबूल. पण मला पकडलंस ते काही मी करू दिलं नव्हतं, तो हिशेब तुझा तूच केलास. बराच वेळ नाक ओढत होती. मग जेवायला वाढा म्हणाली.

आज निकाल लागला. काठावर पास. मला रडू आलं, पण ही हसेना. सरळ बाईंकडे गेली, पेपर मागून घेतला आणि दारातच उभी राहून बोटाने एकेक गुण पुन्हा मिळवून पाहिला. बाई ताटकळल्या, मी ताटकळलो. बेरीज जुळली. तेव्हा कुठे माझ्याकडे वळून म्हणाली, की आजोबा, मी खरीच पास आहे.

तू नोकरी सोडू नकोस. झोप काढ जरा, आणि या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझे बाबा