तांब्यावरची गिरकी

कागल, ४ मार्च २०२५

चि. श्रुतीस आजीचे अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

इकडं आमी खुशाल. तू बी खुशाल असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतीस. म्हणून पत्र. म्हातारपणी अक्षरं शिकलो ती काय दुकानाच्या पाट्या वाचायला? सम्राट ह्या पत्राचा फोटो काढून तुला धाडणार हाय, त्यामुळं त्याच्याबद्दल वाईट लिवता येत न्हाय.

तुझ्या ह्या भावाचं लग्न मेच्या पहिल्या रविवारी ठरलं. पोरगी कुरुंदवाडची पूर्णिमा. पण तुझा बा म्हणतो, तू येणार न्हाईस, तिकडं मशिनीवर तुझा नंबर लागलाय. अगं, मशीन काय भावापेक्षा मोठी? आणि त्यात तू करतीस तरी काय? गल्लीत इचारत्यात. मी सांगतो, नात तांब्यावर काम करती. तर शेजारची आक्का म्हणाली, म्हणजे भांडी घासती व्हय? हसून हसून माझी कवळी पडायची राहिली. हितं तांब्या घासायला सांगितला की तुझ्या पोटात दुखायचं की गं!

सगळं नीट लिव. लोभ हाय, तो पत्रानं वाढतो, फोननं न्हाय.

तुझी आजी,
शालन

इंग्लंड, ९ मार्च २०२५

ती. आजीस श्रुतीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

आक्कांना सांग, भांडीच घासते. आमचा तांब्याचा तुकडा नखाएवढा. तो लख्ख करून पोलादी डब्यात ठेवतो, आतली सगळी हवा काढून टाकतो आणि त्यावर हायड्रोजनचे रेणू सोडतो. रेणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारका कण. तो गिरक्या घेत जातो. कुणी बैलगाडीच्या चाकासारखा उभा फिरतो, कुणी जात्यासारखा आडवा. तांब्यावर आपटून कोण कुठे परत उडतो, ते मी मोजते. माझा अंदाज असा, की उभे टणकन माघारी येतात आणि आडव्यांचं तांब्याशी जास्त जमतं.

तो पडताळायला मशीन हवं, आणि नंबर नेमका लग्नाच्या आठवड्यात आलाय. चुकला तर पुढचा वर्षाने. सम्राटला सायकल मी शिकवली, आजी. मला यायचंय गं. रागावू नकोस, माया असू दे.

तुझी,
श्रुती

कागल, २० मार्च २०२५

चि. श्रुतीस अ. उ. आ. व जयभीम.

कळलं. म्हणजे करूनच बघितलं. मागच्या दारी पाणी तापवायचा तांब्याचा बंब हाय नव्हं, त्याच्यावर स्टीलचं ताट फेकलं. उभं गरागरा फिरवलेलं टण्णदिशी उडून आक्काच्या कुरडयांत पडलं. बंबाला पोचा आला. तुझा बा वरडला. मी म्हटलं, शास्त्रात थोडं नुकसान व्हतंच.

मग कुरुंदवाडला गेलतो, तारीख पुढं न्या म्हणायला. आपल्यात मुहूर्त बघत न्हाईत, मग तारीख काय दगडावरची रेघ हाय? उंबऱ्यातच उभं राहून पूर्णिमाच्या बापाला, दादासोंना, ठणकावून सांगितलं. विहीणबाई फणकारल्या, पत्रिका छापायला दिल्या, आता हे काय नवीन? पाणीसुद्धा न पिता माघारी आलो. मीच उभं चाक झालो बघ. आता तुझा बा म्हणतो, सोयरीक मोडतीस काय? सम्राट तोंड पाडून बसलाय. तरी फोटो नीट काढ म्हटलंय.

लोभ हाय, अक्कल तेवढी कमी पडली.

आजी

इंग्लंड, २२ मार्च २०२५

ती. आजीस जयभीम, वि. वि.

माझ्यापायी त्यांचं लग्न मोडू देऊ नकोस. मी नसले तरी चालेल, मी मोबाईलवर बघेन. विहीणबाईंची समजूत काढ. आणि शास्त्रज्ञ आजी, आडव्या ताटाचं काय झालं ते लिहिलंच नाहीस! अर्ध्या प्रयोगावर निकाल लावायचा नसतो. लोभ आहेच, तो आता नव्या पाहुण्यांनाही दे.

श्रुती

कागल, ३० मार्च २०२५

चि. श्रुतीस अ. उ. आ. व जयभीम.

उरलेला अर्धा प्रयोग कुरुंदवाडला जाऊन केला. ह्या बारीला आडवा. चुलीपाशी मांडी घालून बसलो, विहीणबाईंबरोबर शेंगा फोडल्या, दोनदा चहा प्यालो. तारखेचं नाव काढलं न्हाय. जेवताना दादासोंनीच इचारलं, नात काय करती म्हणून. तांब्या पालथा घातला आणि बशी फिरवून दाखवायला गेलो. बशी फुटली. सगळी हसली, पूर्णिमाला तर ठसका लागला. मग विहीणबाईच म्हणाल्या, एकुलती एक करवली न्हाय, ते कसलं लग्न? छापखान्याला फोन लावला तर पत्रिका आजून छापायच्याच व्हत्या! मेच्या शेवटच्या रविवारी समाजमंदिर मोकळं हाय. तीच तारीख धरली.

आता मशिनीवर नीट काम कर. अंदाज खोटा ठरला तरी ये. फक्त एक. दर खेपेला तू येतीस ती उभ्या चाकासारखी, उंबऱ्याला लागलीस की टणकन माघारी. ह्या बारीला जात्यासारखी आडवी ये, आन् बस जरा. चिंच भिजवून ठेवतो. बंब तूच घासायचास.

लोभ हाय. बाकीचा तू आल्यावर.

तुझी आजी,
शालन