माचीच्या चढावर

वासणा, बडोदे
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय अमोघदादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी पावागढला जाताना आपली फियाट माचीच्या चढावर पुन्हा दमली.
२. माचीला, गाडीरस्ता संपतो तिथे, मी बॉनेट उघडून पाहिलं.
३. परतताना अर्ध्या घाटात मी गाडी चालवायला घेतली आणि वळवून पुन्हा वर नेली. ती कुठेही अडखळली नाही.
४. फ्युएल पंप बिघडलाय, असं मी बाबांना सांगितलं.
५. पंप बिघडलेला नाही.

या दोन दिवसांत ऑफिसात ड्रॉइंगवर रेघ मारताना दोनदा पेन्सिल मोडली. म्हणून फक्त पाहिलेलं लिहिते.

गाडी चढाला ओढत नाही हे बाबा उन्हाळ्यापासून म्हणताहेत. बडोद्यात ते तपासणार कुठे? अलकापुरीचं रेल्वेखालचं गरनाळं सोडलं तर या गावात चढ नाही, आणि तिथून गाडी आधीच्या वेगातच वर येते. म्हणून दर दुरुस्तीनंतर पावागढ. तुला आठवत असेल, आपल्याकडे माताजीचं दर्शन आणि गाडीची ट्रायल एकाच फेरीत उरकतात. नारायणभाईंनी गॅरेजमध्ये प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. क्लच सरकतोय का ते मी स्वतः पाहिलं. सरकत नव्हता. आणि प्रत्येक वेळी चढावर तीच धाप. शेवटी नारायणभाई वैतागून म्हणाले, "बेन, हवे मने नहीं, माताजीने पूछो." आता देवीलाच विचारायचं म्हणे! बाबा त्यावर खूप हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनिअरबाई, आता कलाभवनची डिग्री बाहेर काढा."

मी काढली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कार्बोरेटरचा लिव्हर जिथे टेकून थांबतो, तिथे मी आईच्या परातीतल्या कणकेची गोळी चिकटवली. पेडल तळापर्यंत गेलं तर गोळी चपटी होणार. आई म्हणाली, गाडीलाही आता पोळ्या लाटून घालणार का? चढावर गाडी दमली तेव्हा मी विचारलं, बाबा, पूर्ण दाबलाय ना? ते म्हणाले, तळाला टेकलाय. माचीला बॉनेट उघडलं तेव्हा गोळी होती तशी गोल होती.

पहिल्यांदा मला केबलचाच संशय आला. आईला इंजिनाकडे उभं केलं, मी हाताने पेडल दाबलं. आई म्हणाली, झाली तुझी पोळी. म्हणजे केबल ठीक होती. नवी गोळी लावली, बॉनेट बंद केलं, आणि बाबांना यातलं काही बोलले नाही.

उतरताना मी पुढे त्यांच्या शेजारी बसले होते. पहिल्यांदाच रस्त्याकडे न बघता त्यांच्या पायांकडे बघत होते. मोठ्या वळणाआधी त्यांनी उजवा पाय ब्रेकवर ठेवला. गाडी मंदावली नाही. मग त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि सगळा भार देऊन गुडघा खाली दाबला. गाडी मंदावली. वळण गेलं. हात परत स्टिअरिंगवर आला. इतकं सराईतपणे, दादा, की ही सवय जुनी असणार. मागच्या सीटवर आई प्रसादाचा नारळ मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती.

सगळे भाग तपासले, पण चालवणारा बदलून पाहावा हे मला सुचलं नाही. ऑफिसची जीप मी रोज चालवते, तरी गाडी बाबांनीच चालवायची हा घरचा नियम मी कधी तपासायला घेतला नव्हता. आवाज ड्रायव्हरच्या बाजूने ऐकायचाय असं सांगून मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली. ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि पलीकडून येऊन बसले. बसताना उजवा पाय हाताने उचलून आत घेतला. पँट वर सरकली तेव्हा दिसलं, ती पोटरी डाव्या पोटरीच्या निम्मीच उरली आहे.

मी गाडी वळवून वर नेली. वर पोचून पाहिलं तर गोळीची पुरी झाली होती. बाबा पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "काय सापडलं?"

मी म्हटलं, "फ्युएल पंप."

बावीस वर्षं रिफायनरीत पंपच सांभाळलेला माणूस. ज्या गाडीचा पंप गेलाय ती आत्ताच सपाट्याने वर आली, हे त्यांना कळत नसेल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला वाटलंच." थोड्या वेळाने म्हणाले, "मुंबईहून मागवावा लागेल. वेळ लागेल ना?"

मी म्हटलं, "लागेल."

ते गाडी तपासायला सांगत नव्हते, दादा. गाडीतच काहीतरी सापडावं म्हणून वाट बघत होते.

हे पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. दसऱ्याला तू, मधुवंतीवहिनी आणि बाळ येणार. नातवाला पहिल्या दर्शनाला आपण स्वतः पावागढला नेणार, हे बाबांनी सगळ्या वासण्याला सांगून ठेवलंय. त्यांना अजूनही तसंच म्हणता यावं म्हणून मी आणखी थोडे दिवस पंपाचं नाव घेईन, पण तेवढ्यात त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्यायला हवं. माझ्याशी ते फक्त गाडीबद्दल बोलतात. तू समोर बसलास तर पायाबद्दल बोलतील. आईला काहीच माहीत नाही. फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे, म्हणून पत्र. किल्ली रविवारपासून माझ्या पर्समध्ये आहे. त्यांनी एकदाही मागितलेली नाही.

दसऱ्याच्या आधी एकटा येऊ शकशील का, ते माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर शनिवार, ५ ऑक्टोबरपर्यंत कळव.

तुझीच,
अवंती